रुमालातली जाळी

बाबा, आज पुन्हा उसवलं. ओढणीच्या कोपऱ्यात चिकूचं एक पान भरत होते, बोटभर लांबीचं. फार मोठं काम नाही. अकरा वाजेपर्यंत अर्धं पान झालं, आणि चष्मा पुसून बघते तर पुन्हा तेच. चार टाके शेजारी शेजारी शिस्तीत, पाचवा आत ओढलेला. पुन्हा चार नीट, पुन्हा एक ओढलेला. लांबून कोणाला दिसणार नाही, पण मला दिसतं ना. मी रिंग टेबलावर आपटली. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर सगळ्यांनी विचारलं असतं, काय झालं, काय पडलं. मग कात्रीचं टोक घालून सगळं पान उसवलं. आजचं हे तिसरं उसवणं. एकाच जागी तीनदा उसवलं की कापडाचे धागे विरळ होतात, आणखी एकदा सुई घातली की भोक पडतं. हे तुला सांगायला नको. कापडाला पडलेल्या अशाच एका भोकापायी मी आज तुला लिहायला बसले आहे.

तुला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला एकदाही लिहिलं नाही, आणि तू असतानाही कधी लिहिलं नव्हतं. चिंचणी ते डहाणू, एसटीने तासभराचा रस्ता, पत्र कशाला लिहायचं? तू पिशवीत सुके बोंबील घेऊन यायचास, चहा प्यायचास, जावयाशी दोन शब्द बोलायचास आणि परतीची गाडी चुकेल म्हणून लगेच उठायचास. आपल्यात बोलणं असं नव्हतंच. ते का नव्हतं, तेही आज सांगणार आहे, पण मला आधी माझी चिडचिड सांगू दे. चिडल्याशिवाय मला सरळ बोलताच येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

माझं वय आता चौपन्न. भरतकाम करायला लागून चाळीस वर्षं होत आली. डहाणूत माझं नाव आहे, बायका शिकायला येतात. आणि मी त्यांना जे जे सांगते ते सगळं मी स्वतः करून बघितलेलं आहे. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की झिजतो. रिंगमधलं कापड ताणून घ्या, बोटानं टिचकी मारली तर वाजलं पाहिजे. सुई कापडात उभी घाला, तिरकी नको. दोरा मेणावरून ओढा. खुणा करा, एकसारख्या अंतरावर. उजेड डावीकडून घ्या. हल्ली मोबाईलवर व्हिडिओ असतात, त्यात एखादी गोरीपान मुलगी गोड आवाजात सांगते की टाके सुबक यायला मन शांत ठेवा. तिला म्हणावं, बाई, तू एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन गॅसवर भात ठेव, दारात कुरियरवाला उभा कर आणि मग मन शांत ठेवून दाखव. तरी मी तेही केलं. सकाळी सहाला उठून, आंघोळ करून, कोणाशी एक शब्द न बोलता टाके घालून पाहिले. पाचवा टाका ओढलेलाच.

तुझी मुलगी म्हणून मला याचा जास्त राग येतो. कारण मी तुझे हात पाहिलेले आहेत. किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या असायच्या, वाऱ्यावर बोंबील हलत असायचे, आणि त्यांच्या पलीकडे उंडीच्या झाडाखाली तू पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून बसलेला असायचास. तोंडात विडी, कोणाशी तरी होडीच्या इंजिनाबद्दल वाद चाललेला, नजर तिसरीकडेच. आणि हातातली बांबूची सुई आत-बाहेर, आत-बाहेर. एक आस झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. जाळ्याचं एकेक भोक म्हणजे आस, आणि तुझ्या जाळ्यातला कुठलाही आस दुसऱ्या कुठल्याही आसावर ठेवला तर तंतोतंत बसायचा. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, बाबा, सगळे एकसारखे कसे येतात? तू डाव्या हातातली बांबूची पातळ पट्टी दाखवलीस, जिच्याभोवती दोरा वळवून प्रत्येक गाठ मारतात ती. म्हणालास, "गाठीकडं बघायचंच नाय बाय. पट्टी हाय ना." एवढंच. शिक्षण संपलं.

आता तो रुमाल. मी नववीत होते. शाळेत हस्तकलेची परीक्षा होती आणि परीक्षक बाई बाहेरून येणार होत्या. ट्रे झाकायचा पांढरा रुमाल, मध्ये सात पाकळ्यांचं फूल, कडेनं साखळी टाका. मी महिनाभर त्याच्यावर बसले होते. पाच पाकळ्या बऱ्या आल्या. उरलेल्या दोन काही केल्या येईनात. मी उसवायची, घालायची, पुन्हा उसवायची, आणि परीक्षेच्या तीन दिवस आधी कापड तिथं फाटलं. चार आण्याच्या नाण्याएवढं भोक. मी रुमाल कोनाड्यात टाकला आणि रडून रडून डोळे सुजवले. आई चुलीशी भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, जाऊ दे, दुसरा घे. तीन दिवसांत दुसरा कुठून घ्यायचा, हे तिनं सांगितलं नाही. तू दारात बसून पाय धूत होतास. 

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तू ओट्यावर बसलेला. मांडीवर माझा रुमाल, बाजूला जाळं कापायची सुरी. आणि रुमालाच्या मध्यभागी तळहाताएवढी खिडकी. बिघडलेल्या दोन्ही पाकळ्या गेल्या होत्या, त्यांच्या शेजारची एक चांगली पाकळीपण अर्धी गेली होती. तू इतक्या समाधानानं बघत होतास माझ्याकडे! "आता बरं झालं," म्हणालास. "अगो, फाटक्याला टाका घालून काय होतंय? आधी चांगला आस लागंपर्यंत कापायला पायजे. मंग धरता येतं."

जाळ्याचं तसंच असतं, हे मला कळत होतं. फाटलेलं जाळं तसंच कधी जोडत नाहीत. आधी भोक मोठं करायचं, तुटके दोरे कापत कापत धड गाठीपर्यंत जायचं, आणि तिथून नवं विणायला घ्यायचं. आपल्या आळीतल्या पोराटोरांनासुद्धा हे कळतं. पण कापड म्हणजे जाळं नव्हे. आईसुद्धा आतून ओरडली, "अहो, कापड हाय ते, जाळं नाय!" आणि मी काय ओरडले ते मला शब्दाशब्दानं आठवतंय. "तुला मासळीपलीकडं काय कळतंय? वासच मारतो तुझ्या हाताला, माझ्या कपड्याला हात का लावलास?" आळीतली माणसं दारात आली. तू सुरी उचलून कमरेला लावलीस आणि रुमाल घडी करून खाली ठेवलास. मी बापावर अशी ओरडले तरी तू हात उगारला नाहीस. उगारला असतास तर बरं झालं असतं असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

त्यानंतरचे दोन दिवस तू होडीवर गेला नाहीस. अंगात कणकण आहे म्हणालास. उंडीच्या झाडाखाली लोकांकडे पाठ करून बसलेला मी तुला शाळेत जाता-येता पाहिलं, पण रागानं जवळ आले नाही. परीक्षेच्या सकाळी माझ्या दप्तरावर रुमाल ठेवलेला होता. खिडकीत जाळी. कापडाची कड आत दुमडून आईच्या सुईनं बारीक शिवलेली, आणि त्या कडेला धरून पांढऱ्या दोऱ्याची जाळी विणलेली, एकेक आस तांदळाच्या दाण्याएवढा. तुझी बांबूची सुई त्यातून जाणं शक्यच नव्हतं. आईनं नंतर सांगितलं, खराट्याची काडी तासून तिला दोन्ही टोकांना चिरा पाडून तू सुई केलीस, आणि मापाच्या पट्टीऐवजी काडेपेटीतली काडी घेतलीस. ती काडी प्रत्येक गाठीला घातलीस, काढलीस, घातलीस, काढलीस. किती गाठी असतील रे त्यात? मी मोजायला घेतल्या की मध्येच चुकते.

मी तो रुमाल शाळेत नेला, कारण दुसरं काही न्यायला नव्हतं. नापास व्हायची तयारी करूनच गेले होते. परीक्षक बाईंनी बाकीच्या मुलींचे रुमाल भराभर उलटसुलट करून खाली ठेवले. माझा उचलला आणि थांबल्या. वर्गाच्या खिडकीशी गेल्या, उजेडावर धरला. बोट फिरवलं, फुलावरून नाही, जाळीवरून. मग आमच्या बाईंना हाक मारली. दोघींनी मिळून बघितला. परीक्षक बाई म्हणाल्या, "फुलाचे टाके जरा कच्चे आहेत. पण हे जाळीकाम! हे तू केलंस?"

मी हो म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही. तोंडातून गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "कोणाकडून शिकलीस?" तेव्हा तुझं नाव घ्यायला दुसरी संधी होती. मी म्हणाले, "मनानंच." पहिला नंबर मला मिळाला. रुमाल वर्षभर शाळेच्या काचेच्या कपाटात राहिला. बक्षीस म्हणून रिंग आणि रंगीत दोऱ्यांची पेटी मिळाली. तुला आणि आईला सांगितलं की शाळेनं सगळ्याच मुलींना दिली. आणि परीक्षेच्या संध्याकाळी तू किनाऱ्यावरून आलास, दारातच उभा राहिलास, आत न येता विचारलंस, "काय गो, काय झालं त्या रुमालाचं?"

मी भांडी घासत होते. वर न बघता म्हणाले, "बाईंनी फेकून दिला."

का असं म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग होताच, तुला थोडं दुखवायचंही होतं. पण भीती जास्त होती. खरं सांगितलं असतं तर तू आख्ख्या किनाऱ्याला सांगत सुटला असतास की माझ्या विणकामाला शाळेत पहिला नंबर मिळाला, आणि ते शाळेपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागला असता? मला वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग वर्षभरानं सांगू. मग लग्न झाल्यावर. जितकं लांबलं तितकं ते तोंडातून काढणं कठीण होत गेलं. तू एवढंच म्हणालास, "बरं." आणि पाय धुवायला गेलास.

त्या रुमालामुळे माझं सगळं झालं, बाबा. आमच्या बाईंनीच पुढं डहाणूच्या शिवणवर्गात माझी सोय केली. त्यांच्याच ओळखीतून माझं लग्न ठरलं. त्यांनी तो रुमाल जपून ठेवून लग्नात मला परत दिला, आणि तुझ्या जावयानं हौसेनं त्याला काचेची फ्रेम करून आणली. शिकायला येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी त्या फ्रेमसमोर उभी राहते आणि म्हणते, ताई, एवढं बारीक! आणि मी खाली मान घालून म्हणते, हळूहळू जमेल तुम्हालाही. मला स्वतःला जमत नाही ते.

आणि तू? तू त्या दिवसानंतर माझ्या कापडाला हात लावला नाहीस. मला वाटलं होतं, तू ते विसरला असशील. माझ्या लग्नात आई म्हणाली होती, शालूचा पदर जरा धरा हो, मी पिन लावते. तू दोन पावलं मागे गेलास. "नको, माझा हात चांगला नाय कपड्याला." सगळ्या बायका हसल्या, मीपण हसले. मला त्या क्षणी तुझ्या पाया पडून सगळं सांगायला हवं होतं. पण मंडपात भटजी घाई करत होते, आणि मला घाईचं निमित्त नेहमीच पुरतं.

आता हे सगळं आज का उकरून काढते आहे, ते सांगते. इथल्या बायकांच्या मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन आहे. माझी फ्रेम त्यांना हवी होती, मध्यभागी लावायला. खाली एक कार्ड, त्यावर कोणी केलं ते लिहायचं. मी कार्ड कोरंच ठेवलं होतं. गेल्या मंगळवारी फ्रेमची काच पुसायला म्हणून रुमाल बाहेर काढला. माझ्याकडे रानशेतची एक बाई शिकायला येते. शेतकरी घरातली, वय पस्तीसच्या आसपास, दोन मुलं, गच्च भरलेल्या जीपमधून आठवड्यातून दोनदा येते. मला तिचा सुरुवातीपासून राग. कारण ती माझं काही ऐकत नाही आणि तरी तिचे टाके सरळ येतात. खुणा करत नाही, मेण लावत नाही, रिंग ताणत नाही. विचारलं तर म्हणते, "ताई, आवणीला कोण खुणा करतंय?" भाताची रोपं लावताना चिखलात हात जातो तिथं आपोआप अंतर पडतं म्हणे. सवय. मी चाळीस वर्षं काय करत होते मग?

तिनं रुमाल हातात घेतला, उजेडाकडे धरला, अगदी त्या परीक्षक बाईंसारखा. फुलावरून आणि मग जाळीवरून नख फिरवलं. आणि म्हणाली, "ताई, फूल तुमचं हाय. ही जाळी तुमची नाय ना?"

"कशावरून?"

"तुमचा दोरा पाचव्या टाक्याला ओढतोय. आजपण ओढतोय. फुलात तसाच ओढलाय, हे बघा, हे बघा. जाळीत कुठंच ओढलेला नाय. हे दुसऱ्याचं हात हायेत."

चाळीस वर्षांत एकालाही कळलं नव्हतं. परीक्षक बाईंना नाही, नवऱ्याला नाही. आणि ही बाई, जिला मी सुई धरायला शिकवलं, ती मला एका दमात माझा दोषही सांगते आणि माझं खोटंही. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तू माझे टाके सुधारायला येतेस की मी तुझे? एवढं कळतंय तर येतेस कशाला?" तिनं रिंग, दोरे, डबा, सगळं पिशवीत भरलं आणि पायात चपला घालून गेली. तू रुमाल घडी करून ठेवला होतास ना, तसंच. तिनंही रुमाल घडी करून ठेवला होता.

शुक्रवारी ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "भात कापायचं चाललंय ताई." मला वाटलं, निमित्त आहे. मलाच निमित्तांची सवय, मग दुसऱ्याचं खरं कसं वाटणार? शनिवारी मी कासा गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले आणि रानशेतला उतरले. विचारत विचारत गेले, तर खरंच शेतात होती, कमरेत वाकून, हातात विळा, मागे पेंढ्यांची रांग. त्या रांगेतली प्रत्येक पेंढी दुसरीसारखी, हे वेगळं सांगायला नको. तिनं मला बघितलं आणि घाबरूनच उठली, काय ताई, काय झालं? मी बांधावर उन्हात उभी, चष्म्यावर घाम, जीपच्या धुळीनं केस पांढरे. आणि जे चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नाही ते मी त्या शेतात मोठ्यानं सांगितलं. की ती जाळी माझ्या बाबानं केली. मासे मारायचा तो, जाळी विणायचा. मी सगळ्यांना सांगितलं की मी केली.

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या ताई. किंवा हसेल. तिनं विळा खांद्यावर टेकवला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग त्यांनाच विचारायचं होतं ना, दोरा न ओढता कसं करायचं ते?"

बाबा, मी तिच्याकडे पाणी मागितलं, प्यायले आणि परत आले. जीपमध्ये बसल्यावर तिचं बोलणं हळूहळू माझ्या आत उतरत गेलं. मी चाळीस वर्षं कोणाकोणाला विचारलं! शिवणवर्गाच्या बाईंना, मोबाईलवरच्या पोरीला, सुरतहून दोरे विकायला येणाऱ्या गुजराती काकांना. ते म्हणाले, "दोरो सारो लो बेन," म्हणजे दोरा चांगला घ्या. तेव्हापासून महागातला दोरा घेते आहे. ज्याला खरंच ठाऊक होतं तो तासाभरावर, दर महिन्याला माझ्या घरी येऊन चहा पीत होता. आणि मी तुला विचारू शकत नव्हते, कारण विचारायचं तर म्हणावं लागलं असतं, त्या रुमालातल्या जाळीसारखं कसं करायचं. आणि तो रुमाल तर मी तुला सांगितलं होतं की फेकून दिला. एका शब्दानं मी तुला दुखवलं आणि त्याच शब्दानं माझं शिकणंही बंद केलं. माझे टाके नीट येत नाहीत याला दोरा कारण नाही, उजेड नाही, वय नाही. मी फाटलेल्या जागेवरच टाका घालत बसले. धड गाठीपर्यंत मागे गेलेच नाही.

हे लिहून झाल्यावर मी पुन्हा ओढणी घेतली. म्हटलं, आता कबुली दिली, आता तरी हात सुधारेल. कसलं काय! पाचवा टाका ओढलाच. एवढा संताप आला म्हणून सांगू! सिनेमात असतं तसं आयुष्यात होत नाही, हे मला कळायला हवं होतं. मग मी उठून काडेपेटी आणली, एक काडी काढली आणि टाक्याखाली धरून पाहिली. तीही तिथं बसेना. कापडाला काडी चालत नसेल, किंवा चालत असेल आणि मला धरता येत नसेल. हे फक्त तूच सांगू शकला असतास. काडी परत पेटीत टाकली आणि ओढणी बाजूला ठेवली.

कार्ड मात्र लिहिलं. दोन ओळी आहेत. फूल: माझं, नववीत असताना. जाळी: माझ्या वडिलांची, चिंचणीचे, होडीवर काम करायचे. तुझं नाव घातलं नाही, घातलं असतं तर आळीतल्या लोकांनी येऊन प्रदर्शनात गोंधळ घातला असता, तुला तो गोंधळ आवडला असता, ते सोड. मंडळाच्या बाईंना फोन करून सांगितलं की फ्रेमबरोबर कार्ड येतंय आणि त्यात बदल करू नका. त्या म्हणाल्या, अय्या, म्हणजे ते तुमचं नाही? मी म्हणाले, नाही. फोनवर "नाही" म्हणायला एवढं सोपं गेलं की मला स्वतःचाच राग आला. रानशेतच्या बाईला निरोप धाडलाय, भात उरकलं की ये, तुझी जागा आहे. तिनं उलट निरोप पाठवला की येते, पण पुढच्या आठवड्यात. येईल. पाचव्या टाक्यासाठी आता तिच्याकडूनच शिकायचं ठरवलंय, ती शिकवेल तर.

एक राहिलं. एवढं सगळं लिहिलं, पण एक सांगायचं टाळत होते, आणि हे पत्र तुला मिळणार नाही म्हणूनच सांगते.

तू यायचास त्या दिवशी सकाळीच मी ती फ्रेम भिंतीवरून उतरवायचे आणि पलंगाखाली ठेवायचे. तू गेलास की परत लावायचे. दर महिन्याला, चौदा वर्षं. तू आत यायचास, बाहेरच्या खोलीत बसायचास आणि भिंतीवरच्या त्या रिकाम्या खिळ्याला आपली टोपी अडकवायचास. एकदा म्हणाला होतास, "बरं केलंस, खिळा ठोकून ठेवलास माझ्यासाठी." मी हो म्हणाले होते.